तुफानचा उन्हाळा

थंडीचा उन्हाळा करणं माझ्या डाव्या हातचा मळ आहे! मालकांना मी असं ठणकावून सांगितलं, तेव्हा माझ्या खांद्यावर लेकीने काढलेली दुधाची गुळणी वाळलेली होती.

मी घोड्यांच्या पैदास केंद्रावर डॉक्टर. आमचा मुख्य नर घोडा तुफान. पण थंडी पडली आणि तुफानाची झुळूक झाली. घोडी समोर आणली की जांभई द्यायचा! त्याच्या वीर्याचा नमुना मायक्रोस्कोपखाली बघितला, तर शुक्राणू सोमवारी सकाळी ऑफिसला निघाल्यासारखे. आले होते थोडेच, आणि आलेल्यांनाही इच्छा नव्हती.

"संपला हा. खच्ची करून विकून टाकू," मालक म्हणाले.

"अहो, दिवस लहान झाले की असं होतंच! अंधार लवकर पडला की घोड्याच्या शरीराला वाटतं, हंगाम सरला. तबेल्यात अकरापर्यंत लख्ख दिवा ठेवू. दोन महिन्यांत फरक बघा!"

"दोन महिने. नाहीतर खच्ची. आणि तेही तुम्हीच करायचं, डॉक्टरबाई."

नवरा परगावी नोकरीला. गरोदरपणात माझ्या पोटाला नाक लावून रोज चौकशी करणारा हा तुफान एकटाच!

दिवा लागला. रोज तिन्हीसांजेला तो पेटलेला बघायचा, मग लॅबमधली उरलेली कामं उरकायची, असा माझा क्रम. केंद्राच्या आवारातल्याच घरी सासूबाई आणि सात महिन्यांची चिमणी. चिमणीचं झोपेशी उभं वैर. पण काय आश्चर्य! मी परत येईपर्यंत पोरगी गाढ झोपलेली! पुस्तकं वाचून तिचं वेळापत्रक मी भिंतीवर चिकटवलं होतं, त्याचाच हा विजय. दोन मैत्रिणींना फोन करून मी फुकटचे सल्लेही दिले.

एकच काळजी. चिमणीच्या टोपऱ्यावर घोड्याचे केस सापडायचे. माझ्याच हातांवरून जात असणार! मी कोपरापर्यंत हात धुऊ लागले, कपडे दाराबाहेर बदलू लागले. केस सापडतच राहिले. तिकडे तुफानने मात्र थंडीची लोकर झाडायला हवी होती, तर तो अस्वलासारखा गुबगुबीत. दिवा कमी पडतोय, असं ठरवून मी आणखी मोठा दिवा बसवला.

तपासणीचा दिवस आला. मायक्रोस्कोपमध्ये डोकावले. आज तर ऑफिसला जवळजवळ सगळ्यांचीच दांडी!

"मग कधी करताय खच्ची?" मालकांनी विचारलं.

मी पुन्हा मायक्रोस्कोपमध्ये डोकावले. तेवढ्यात सासूबाई चिमणीला कडेवर घेऊन दारात आल्या.

"काय गं, चेहरा का उतरलाय?"

"आई, दिव्याचा काही उपयोगच झाला नाही हो."

"होणार कसा? मी बंद करते ना तो!"

"काय?"

"तू लॅबमध्ये गेलीस की हिला तुफानपाशी नेते. त्याचं फुरफुरणं ऐकलं की कशी शांत होते! पण तो मेला दिवा सारखा डोळ्यांवर. बंद केला की दोघंही गुडुप. तो उभ्याउभ्या, ही माझ्या खांद्यावर."

"अहो, मग निघताना परत लावायचा ना!"

"झोपलेल्याची झोपमोड करू नये. तूच लिहिलंयस भिंतीवर!"

मालक इतके हसले, की टेबलावरचा मायक्रोस्कोप हलला. तुफानला आणखी दोन महिने मिळाले.

आता दिव्याच्या बटणाला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. तुफानने मूठमूठ केस झाडले, घोडी दिसताच तबेला डोक्यावर घेतला. शुक्राणू तर शाळा सुटल्यासारखे पळत होते! (तोवर बाहेरचे दिवसही मोठे झाले होते, हे मी मालकांना सांगितलं नाही.)

चिमणी मात्र अजूनही तुफानपाशीच झोपणार! आणि तिथे लख्ख उन्हाळा! ती अकरापर्यंत टाळ्या पिटते, तो शेपटी उडवतो, आणि मी पालथ्या बादलीवर बसून डुलक्या घेते.

"डॉक्टरबाई, मानलं तुम्हाला!" मालक म्हणाले. "पुढच्या थंडीत सगळ्या तबेल्यांत दिवे लावू. अजून काही हवंय?"

"एक तबेला अंधाराचा ठेवा."

"कुठल्या घोड्यासाठी?"

"घोड्यासाठी नाही हो. आणि गवत जरा जास्त टाका. मला उभ्याने झोप येत नाही."