दस्तीखालचं दुखणं

आमच्या उदगीरच्या गल्लीतले बसलिंगअप्पा आकडा कधी तोंडाने बोलत नाहीत. वय विचारा, नातवंडं किती ते विचारा, लातूरची गाडी किती वाजता ते विचारा. आधी इकडेतिकडे बघणार, मग तुमचा हात ओढून घेणार, त्यावर खांद्यावरची दस्ती टाकणार आणि खालून बोटं दाबणार. जन्म गेला जनावरांच्या बाजारात दलाली करण्यात. तिथे बैलाचा भाव असाच ठरतो, शेजारच्याला सुगावा लागू नये म्हणून.

"आकडा हवेत सोडला की गेला, गुरुजी," असं ते मला बजावतात. मी शाळेत गणित शिकवत होतो. आमचं कसं जमलं, देव जाणे.

नवीन काही ऐकलं की अप्पांना चैन पडत नाही. लातूरला एक डॉक्टर डोळ्यांवर हलती चित्रं दाखवणारा डबा बांधून सांधेदुखी हलकी करतात, हे त्यांना कळलं आणि त्यांनी माझ्यामागे भुणभुण लावली. दुखणं त्यांचं नव्हतं, त्यांच्या बायकोचं, काशीकाकूंचं होतं. संधिवाताने काकूंचे गुडघे आणि बोटं कित्येक वर्षं धरलेली. त्यांचं उत्तर मात्र ठरलेलं, "बरं हाय." घटकाभर तरी हिचं दुखणं सुटावं, एवढाच अप्पांचा ध्यास होता. शेवटी मी गाडी काढली.

डॉक्टर तरुण होते, आणि सोशीक. "आजोबा, याने सांधे नवे होत नाहीत," त्यांनी आधीच सांगितलं. "मन दुसरीकडे गुंतलं की दुखणं जरा मागे पडतं. तेवढ्यात व्यायाम करून घ्यायचा. गोळ्या चालूच ठेवायच्या."

"आधी मी बघतो," अप्पा म्हणाले. "पारखल्याबिगर आपल्या माणसाला लावायचं न्हाई."

त्यांनी डबा उलटापालटा करून बघितला, वजन जोखलं, वास घेतला आणि मग डोळ्यांवर चढवला. आत कुरण असावं, कारण ते एकदम हरखले. "आरं, गाय हाय! देवणी जातीची वाटून राहिली!" असं म्हणत ते पुढे झाले आणि दात बघायला त्यांनी दोन्ही हातांनी जबडा उघडला. तो डॉक्टरांचा होता.

"दात तर सगळे आलेत," अप्पांनी बोटाने चाचपून निकाल दिला. "वय चोरून राहिले, गुरुजी! साकु, साकु, काढा हे."

पुरे झालं म्हणायला त्यांना घरचं कानडीच लागतं.

मग काकूंची पाळी आली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, एक ते दहामध्ये दुखणं किती?"

"बरं हाय."

डॉक्टरांनी दोनदा विचारलं, दोनदा तेच. तेव्हा अप्पा काकूंच्या शेजारी बसले आणि त्यांच्या हातावर दस्ती टाकली. वाकडी झालेली ती बोटं खाली हळूहळू हलली. अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी डॉक्टरांचा हात दस्तीखाली घेतला आणि बोटं दाबली.

"आधी पाच दाबली, मग चार," डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाले.

"नऊ," मी म्हणालो. इतकी वर्षं 'बरं हाय' ऐकून पुढे जाणारा मी, मला माझीच लाज वाटली.

काकूंच्या डोळ्यांवर डबा चढला. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. डॉक्टर सांगतील तसा त्या पाय हलवू लागल्या. मग चक्क हसल्या.

"काय दिसून राहिलं?" अप्पांना राहवेना.

"तळं हाय. झाडी हाय."

"आन कोन हाय तिथं?"

"कोनच न्हाई. लई निवांत हाय."

मी खो खो हसलो. अप्पा हसले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचे सौदे जुळवणारा हा माणूस एकाएकी परका झाल्यासारखा दिसला.

"डॉक्टरसायब," त्यांनी हळूच विचारलं, "मला हिच्यासंगं आत सोडता येतं का?"

"डबा एकच आहे, आजोबा."

काकूंचे डोळे झाकलेले असले तरी कान उघडे होते. "अवो, डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "मी सांगते."

अप्पांनी शहाण्या मुलासारखे डोळे मिटले. आणि दोन शब्दांपलीकडे कधी न बोलणाऱ्या काकू बोलायला लागल्या. पाणी कसं हाय, पाखरं कुठं बसलीत, वाट कुणीकडं वळली. अप्पा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

"आता पायऱ्या आल्या," काकू म्हणाल्या. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय जमिनीपासून जरासा उचलला गेला. तोंडातून कण्हणं निघालं नाही. "लई हायत. चढू का?"

"चढ," अप्पा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "सावकाश. मी हाय मागं."