आदबशीर ग्राहक

बायकोसमोर फुशारकी मारायची नाही, असं मी लग्नातच ठरवलं होतं. (मारण्यासारखं काही नव्हतंही. शाळा नववीत सुटली, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते.) पण नोकरी लागली आणि राहवलं नाही.

"लोक आमच्या कंपनीला जे जे लिहितात ना, ते माझ्या नजरेखालून जातं."

"सगळं?"

"सगळं."

इथेच घोळ झाला.

कंपनी वॉशिंग मशीनची. ग्राहक लिहितात, कॉम्प्युटर उत्तर देतो. त्याला जे कळत नाही ते माझ्याकडे येतं. माणसाला नक्की काय हवंय ते ओळखायचं आणि निरोप त्या त्या ढिगात टाकायचा: दुरुस्ती, माहिती, राग, समाधानी. दुरुस्तीत टाकला की मेकॅनिक निघतो. नाव-पत्ता मला दिसत नाही, आणि आमचे मोबाइल दारातच जमा. तीन महिन्यांनी मॅडम माझे ढीग तपासून ठरवणार होत्या, मला ठेवायचं की घरी पाठवायचं.

अगदी शेवटच्या दिवशी निरोप आला: "अहो, पाणी थांबत नाहीये. लवकर या."

कंपनीला 'अहो' म्हणणारी ग्राहक मी पहिल्यांदाच पाहिली. केवढी ती आदब. टाकला दुरुस्तीत.

"अहो, कॉक कुठे आहे ते तुम्हालाच माहीत." माहिती.

"आईंना पलंगावर चढवून बसवलंय. तुम्हाला कळतंय का काही?" राग. (बिचारीचा नवरा कुठे उलथलाय कोण जाणे, असंही मनात आलं.) जीव कळवळला म्हणून 'तातडीचं' अशी खूण केली.

साडेचारला शेवटचा: "काम झालं. आता तुम्ही नाही आलात तरी चालेल."

समाधानी. मी खुशीत घरी निघालो.

घरात फरशी ओली, आई पलंगावर मांडी घालून, आणि समोर आमच्याच कंपनीचा मेकॅनिक चहा पितोय.

"मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "मोरीतला नळ तुटला होता. आलोच होतो, बसवून टाकला."

"चार निरोप लिहिले तुम्हाला," बायको म्हणाली.

"मला?"

"सगळं वाचतो म्हणाला होतात."

"वाचले की."

"मग?"

"ढिगात टाकले."

मेकॅनिकला ठसका लागला. बायको मात्र हसत सुटली. त्या हसण्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं खरं सांगितलं. डबा उचलून घरी जायच्या तयारीनेच गेलो होतो. त्यांनी चारही निरोप शांतपणे वाचले.

"दुखणं मशीनचं नव्हतं. पण बाईंना माणूस हवा होता, तो वेळेत पोचला. एवढंच तर ओळखायचं असतं. राहा तुम्ही."

माझे डोळे भरून आले. आभार मानायला शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनी तो शेवटचा निरोप 'समाधानी'मधून उचलला आणि 'राग'मध्ये टाकला.

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"दोन."

"मग शिकाल हळूहळू."