बिनकाठी कापडाच्या तहाची हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. शके सोळाशें नव्वद, सर्वधारीनाम संवत्सरीं वर्तमान ऐसें जे, एक राज्य होतें, त्यांत डोंगराकडे डाळिंबांच्या बागा आणि नदीकांठीं कोष्ट्यांचे माग. खाडीपलीकडील राजियांचा निरोप आला कीं, आमचें कापड तुमच्या पेठेंत येऊं द्या, तुमचीं डाळिंबें आमच्या पेठेंत घेऊं. तेव्हां बागाईतदार हरखले आणि कोष्टी धास्तावले. मग महाराजांनीं बोलणें करावयास सटवोजी वकील नेमिले. सटवोजी जातीचे कोष्टी. मायबाप लहानपणींच वारले, थोरली बहीण चिमाई इणें पंचे विणून त्यांस वाढविलें आणि शहाणे केलें.

सटवोजींनीं युक्ति काढिली कीं, काठाचीं लुगडीं-शेले बाहेरून येऊं नयेत, बिनकाठी कापड खुशाल यावें. पलीकडील वकील राजी जाहले. आतां रिवाजाप्रमाणें वकिलांनीं एकमेकांचीं वस्त्रें पांघरावीं, म्हणजे तह पक्का, इतकेंच उरलें. सटवोजी आनंदें बहिणीकडे आले आणि बोलिले, "आक्का, कोष्टी वाचले!" चिमाईनें मागावरचा धोटा थांबविला. "काठवालं वाचलं रं. मी काय इणते?" सटवोजींनीं मागाकडे पाहिलें, तों पांढरा पंचा, काठ नाहीं. दरबारीं जो तो काठाचेंच नेसे, सबब ज्या पंच्यांवर आपण वाढलों तेच सटवोजी विसरले! डोळां पाणी आलें. "तह मोडतों, आक्का."

"मोडू नगंस. झाडं बी कुणी लेकरावानीच वाढिवली असत्याल. मला काठ शिकाय येळ दे, बास."

मग सटवोजींनीं बोलणें पुन्हा मांडिलें कीं, बिनकाठी कापड तीन वर्षें येऊं नये, आणि तोंवर बागाईतदारांनीं नफ्यांतून बिनकाठी विणणाऱ्या कोष्ट्यांस काठ शिकवावयाचा खर्च द्यावा. बागाईतदार कुरकुरले. पलीकडील वकील रुसले, फुगले, परंतु डाळिंब चाखून बसले होते, सबब महिन्या-दों महिन्यांनीं वळले. वस्त्रांचे दिवशीं सटवोजींनीं चिमाईचा पहिला शेला पुढें केला. पलीकडील वकील बोलिले, "काठ वांकडा कां?" सटवोजी बोलिले, "हात म्हातारा आहे, शिकतो आहे." वकिलांनीं शेला खांद्यावर घेतला, आपलें वस्त्र सटवोजींस पांघरविलें, आणि तह जाहला.

तात्पर्य, डाळिंबें गेलीं, मुदतीनें कापड आलें, माग चालते राहिले. चिमाईचा काठ अखेरपर्यंत वांकडाच पडला, आणि त्यानंतर सटवोजी दरबारीं बहिणीच्या हातचा सोडून दुसरा शेला कधीं पांघरले नाहींत. हें वर्तमान जैसें घडलें तैसें लिहिलें.