अबू मिशारींच्या ट्रकचं निदान

इंजिनाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! मेकॅनिकल इंजिनियर आहे मी, नाशिकचा, डिस्टिंक्शनवाला. आता सौदीतल्या खमीस मुशैतमध्ये मी एका मॉलचा एसी प्लांट सांभाळतो, ही गोष्ट वेगळी. शेवटी मशीन ते मशीन!

म्हणून घरमालक अबू मिशारी गुरुवारी सकाळी मला त्यांचा ट्रक दाखवायला घेऊन गेले, तेव्हा मी वाटेतच बाह्या दुमडल्या. ट्रक अमेरिकन, सत्तर वर्षांचा, हिरवागार. क्रोम इतकं चकचकीत की त्यात बघून दाढी करावी! वडिलांची आठवण म्हणून अबू मिशारी त्याला जिवापाड जपत. शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, त्यांचा थोरला मुलगा मिशारी याच ट्रकमधून नवरदेव म्हणून हॉलवर जाणार होता.

"बघ, मुहंदिस!" त्यांनी बॉनेट उघडलं. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. हा शब्द ऐकला की माझी छाती दोन इंच फुगते.

मी वाकलो. एका रांगेत सहा सिलिंडर. मागच्याच आठवड्यात मी जुन्या गाड्यांचा एक व्हिडिओ पाहिला होता. जवळजवळ अर्धा!

"अबू मिशारी, हे कारचं इंजिन आहे! ट्रकला आठ सिलिंडर तरी हवेतच. तुमचं मूळ इंजिन कुणीतरी पळवलंय!"

त्यांचा चेहरा खजूर चावताना खडा लागावा तसा झाला. "हा ट्रक फक्त तल्हाने उघडलाय," ते हळूच म्हणाले.

तल्हा रत्नागिरीचा. अकरा वर्षं इथे मेकॅनिक. आम्ही दोघे त्याच्या गॅरेजवर धडकलो.

"साहेब, त्या काळात कंपनी एकच इंजिन कारला पण लावायची नि ट्रकला पण," तल्हा शांतपणे म्हणाला.

"तल्हाभाई, मला शिकवू नका! इंजिन उतरवा. खाली नंबर असतो."

"उतरवतो. पण उद्या लग्न हाय."

"तासाभराचं तर काम!"

संध्याकाळ झाली. इंजिन साखळीला लटकलं, तेव्हा कुठे नंबर सापडला. तो खाली नव्हताच, बाजूला होता. बॉनेट उघडल्यावरच दिसला असता. आणि त्या नंबरवरून मला काडीचंही कळलं नाही! मी गंभीर चेहरा करून "हं" म्हणालो. अबू मिशारींना तेवढं पुरलं.

"खलास!" ते तल्हावर गरजले. "उद्यापासून तुझ्याकडे या गावातली एक गाडी येणार नाही!"

शुक्रवारी सकाळी तल्हाने कुठूनतरी त्या ट्रकचं तेलकट जुनं मॅन्युअल पैदा केलं. अबू मिशारींना इंग्रजी येत नाही. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "वाच, मुहंदिस."

मी तो नंबर शोधला. पुढे स्वच्छ छापलं होतं, कार आणि ट्रक, दोन्हींसाठी. क्षणभर वाटलं, काहीतरी दुसरंच वाचावं. इथे कोणाला कळणार होतं? पण समोर तल्हा उभा होता. तेलाने माखलेले हात पुसत होता. ते हात पाहून मला खोटं वाचवेना.

"तल्हा खरं बोलतोय," मी म्हणालो. "मी चुकलो."

अबू मिशारींनी मॅन्युअल माझ्या हातातून घेऊन मिटलं. मग म्हणाले, "म्हणजे इंजिन माझ्या बापाचंच?"

"हो."

"आणि ते आहे कुठे?"

तिघांनी वर पाहिलं. ते खाटकाच्या दुकानातल्या बोकडासारखं लटकत होतं.

"बसवायला उद्या संध्याकाळ," तल्हा म्हणाला. लग्नाला उरले होते तीन तास.

तेवढ्यात माझ्यातला इंजिनियर परत जागा झाला. "हॉल उताराच्या खाली आहे ना? स्टिअरिंग आहे, ब्रेक आहे. मग इंजिन हवंय कशाला?"

टोचन करून ट्रक चढावर नेला. मिशारी जरीकाठी झगा सावरत शेजारी बसला. मी स्टिअरिंगवर, तल्हा मागे. यल्ला, चला! ट्रक काय सुटला! आवाज नाही, धूर नाही, नुसता वारा! हॉलचं गेट आलं, मी ब्रेक दाबला. ट्रकने थोडा विचार केला आणि पुढच्या हॉलच्या अंगणात जाऊन थांबला.

तिथेही लग्न होतं. दुसऱ्यांचं!

लोक धावत आले. मिशारीला उतरवलं, धूप दिला, गालांचे मुके घेतले, कॉफी पाजली. तो बिचारा माझ्या कानाशी कुजबुजला, "यातला एकही माझा मामा नाही!"

तेवढ्यात गेटमधून त्यांचा खरा नवरदेव आला. सगळे एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागले. मग एक म्हातारा असा हसत सुटला की त्याची काठी पडली, आणि आमच्या हॉलवरून धावत आलेले नि तिथले असे दोन्ही लग्नांतले शंभरेक लोक पांढऱ्या झग्यांत, गात नाचत ट्रक मागे ढकलू लागले.

"तल्हाभाई," मी धापा टाकत म्हणालो, "माफ करा, फार चुकलं माझं."

"ते नंतर, साहेब. आधी हँडब्रेक सोडा."

शनिवारी संध्याकाळी इंजिन पुन्हा बसलं. रविवारी अबू मिशारींचा फोन आला. आवाजात चक्क लाडीगोडी!

"मुहंदिस, पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न. बिनआवाजाचा ट्रक सगळ्यांना फार आवडला. या वेळीही इंजिन काढूनच नेऊ."

"अहो, का नाही!" माझी छाती पुन्हा फुगली. "हॉल कुठला?"

"डोंगरावरचा. म्हणून तुला आधी सांगतोय. तल्हा म्हणाला, ढकलायला इंजिनियरच लागतो!"