दहावा माणूस मिळणेबाबत

द्वेष ही फार जबाबदारीची गोष्ट आहे. ती कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या हाती सोपवून चालत नाही. म्हणूनच आमच्या ‘सर्वांसाठी चूल’ या पुरोगामी चळवळीने स्थापनेच्या दिवशीच जगातल्या यच्चयावत द्वेषांना विरोध करण्याचा ठराव केला आणि त्या द्वेषांची नावं एका फळ्यावर रंगवून घेतली. फळ्यावर सतरा द्वेष बसले. अठरावा, म्हणजे ज्यूद्वेष, खालच्या चौकटीला लागायला लागला म्हणून तेवढा राहिला. (त्यात कुणाच्या मनात काही नव्हतं. सुतारानेच फळा तोकडा दिला.)

आमची चूल, म्हणजे फुकट जेवणाचं सामायिक स्वयंपाकघर, बुडापेस्टच्या आठव्या विभागात एका चारमजली इमारतीत आहे, तळमजल्याला, रस्त्याच्या अंगाला. मधला चौक ओलांडला की एक ज्यू प्रार्थनाघर लागतं आणि त्याच्या बरोब्बर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, दुसरं. हे खालचे आणि वरचे एकेकाळी एकच होते. मग बायका आणि पुरुष यांच्यामधला पडदा खांद्यापर्यंत असावा की डोक्याच्या वर, यावरून बिनसलं. तो पडदा कसरीने खाऊन जमाना झाला. भांडणाचा मात्र एक टाका उसवलेला नाही. टिकाऊ माल कसा असतो ते पाहायचं असेल तर आमच्या चौकात यावं.

ज्यूंच्या सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. खाली नऊ पुरुष आहेत. वर नऊ पुरुष आहेत. बेरीज तुम्ही करा, त्यांनी कधी केलेली नाही. (वरचे स्वतःला सुधारक म्हणवतात, त्यामुळे त्यांच्यात बायकांनाही मोजावं का यावर विचार चालू आहे. ज्या बाईंनी विषय काढला होता त्या आता हयात नाहीत.) शिवाय माणसं सरळ मोजली तर दृष्ट लागते, अशी त्यांची जुनी समजूत. म्हणून ते ‘नाही-एक, नाही-दोन, नाही-तीन’ असं मोजतात. दर शनिवारी दोन्ही मजले ‘नाही-नऊ’पर्यंत येतात, दाराकडे बघतात, आणि मग ज्याची त्याची प्रार्थना ज्याने त्याने मनातल्या मनात उरकायची.

आता पिरोश्का लुस्तिग यांच्याविषयी. वय अठ्ठ्याहत्तर, बांधा लहान, आवाज मोठा. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. चूल सुरू झाल्यापासून शनिवारचं शोलेत मावशींच्या हातचं. राजमा, जव, कांदा, पॅप्रिका आणि सालासकट अख्खी अंडी शुक्रवारी दुपारी मंद आचेवर चढवायची आणि शनिवारी दुपारी झाकण काढायचं. झाकण निघालं की रांग ट्रामच्या थांब्यापर्यंत जायची. त्यांचे यजमान देझो छापखान्यात खिळे जुळवायचे आणि आमची पत्रकं फुकट छापून द्यायचे. गेल्या हिवाळ्यात ते वारले.

मावशींचं आणि चळवळीचं उत्तम चाललं होतं, एक चित्राचा प्रसंग सोडला तर. घरमालकांविरुद्धच्या मोर्चासाठी कुणीतरी चित्र काढलं होतं: लांब नाकाचा, काळ्या टोपीचा, आठ हातांचा एक माणूस अख्खं शहर गिळतोय. मावशींनी चष्मा लावून ते पाहिलं आणि आमच्या अध्यक्षा बोग्लार्काला हाक मारली.

“अगं ए, हे तर माझे सासरे! फक्त त्यांना आठ हात नव्हते. आणि घरसुद्धा नव्हतं.”

समितीने चित्राची चौकशी केली. निष्कर्ष असा निघाला की चित्र भांडवलशाहीचं आहे आणि भांडवलशाहीला नाक असू शकतं. त्यापुढची मांडणी बोग्लार्काने केली. ती विद्यापीठात शिकवते, त्यामुळे अगदी स्वच्छ बोलते. ज्यूद्वेष हा उजव्यांचा रोग आहे. आपण डावे आहोत. सबब तो आपल्याला होऊ शकत नाही. सबब तो आपल्याला झालाय असं म्हणणारा उजवा आहे. सबब मावशींनी जरा जपून बोलावं. ह्यात कुठे फट दिसली तर मला कळवा, मला अजून दिसलेली नाही.

शिवाय आमच्याकडे आर्तुर लेडरर होते. लेडरर हे आमच्या चळवळीचे ज्यू. मानाचं पद, काम बेताचं. असं काही उद्भवलं की ते उठून म्हणत, “मी स्वतः ज्यू आहे, आणि मला काही वाटलं नाही.” गेल्या वर्षात त्यांना अकरा वेळा काही वाटलं नाही. चित्राच्या वेळी मात्र ते हे वाक्य भिंतीकडे बघून म्हणाले. (भिंतीने ओल धरली आहे, बघण्यासारखी आहे.)

तर देझोंना जाऊन वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्यांच्यात कद्दिश म्हणायचं असतं. मेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना, आणि गंमत म्हणजे तिच्यात मेलेल्याचं नावगाव काही नसतं, नुसती देवाची स्तुती. पण ती म्हणायला दहा पुरुष हवेत. मावशींना पोरबाळ नाही. “माझी एवढी एकच इच्छा आहे,” त्या म्हणाल्या, “देझोचं कद्दिश दहा जणांत व्हावं. त्याला गर्दी आवडायची.”

मागणी साधी होती. म्हणजे आमच्या इमारतीत ती अशक्य होती.

पहिल्यांदा त्या खाली गेल्या. खालच्यांचे प्रमुख श्पित्सरकाका छत्र्या दुरुस्त करतात आणि जगावर कायम पाऊस येणार असल्यासारखे नाराज असतात.

“आम्ही नऊ आहोत, पिरोश्का. दहावा आण. पण वरचा नको.”

“का हो? वरच्यांची सुंता झालेली नसते?”

“सुंतेचं मला सांगू नकोस, पडद्याचं बोल. आणि काय गं, तुझी ती चुलीवरची पोरं ज्यूंच्या त्या देशाच्या नावाने शंख करत असतात. आधी हे सांग, तू कुणाच्या बाजूची? त्याशिवाय माझी माणसं उभी राहायची नाहीत.”

मावशी जिना चढून वर गेल्या. वरच्यांचे प्रमुख पोल्गार हे निवृत्त दंतवैद्य. दात उपटायच्या आधी बोलायचे तसंच गोड अजून बोलतात.

“लुस्तिगबाई, देझोंसाठी जीव तुटतो हो. पण आमचा माणूस खाली पाठवला तर पडद्याला मान्यता दिल्यासारखं होईल. तुम्हीच वर या, कद्दिश तुम्ही स्वतः म्हणा, आम्ही सुधारक आहोत. दहावा मात्र तुम्ही आणा. आणि जाता जाता एक. त्या देशाच्या प्रश्नावर आमच्यात चार आणि पाच अशी फूट आहे. तुमची भूमिका कळली तर बरं पडेल.”

“म्हणजे मी चारांबरोबर गेले तर पाच जण येणार नाहीत, आणि पाचांबरोबर गेले तर चार?”

“तुम्ही फार पटकन समजता,” पोल्गार म्हणाले.

उरले लेडरर. अख्ख्या इमारतीत सुटा दहावा तेवढा एकच. मावशींनी त्यांना कांदे चिरताना गाठलं. लेडररांच्या डोळ्यांत पाणी आलं. (कांदे.) “येईन की मावशी. तुमच्यासाठी नाही यायचं तर कुणासाठी? फक्त समितीला विचारतो.”

समिती बसली. मीही होतो, प्रस्ताव माझाच होता, आणि त्याचा मला रास्त अभिमान आहे. प्रस्ताव असा: चळवळीचे ज्यू कुणाच्या खाजगी दुःखाला उसने द्यायचे तर त्या व्यक्तीची त्या दूरच्या देशाबद्दलची भूमिका आधी स्पष्ट असली पाहिजे. उद्या कुणी विचारलं तर?

“मावशी, आम्ही तुम्हाला आपलंच मानतो,” बोग्लार्का म्हणाली. “म्हणून तर विचारतोय.”

“तो झोल्तान बटाटे सोलतो, तो कॅथलिक आहे. त्याला कधी पोपबद्दल विचारलंत?”

“विषय तो नाही, मावशी.”

“मग विषय काय आहे गं? मी त्या देशात एकदा गेले, आठ दिवस, चुलतबहिणीच्या मुलीच्या लग्नाला. पाय सुजले आणि परत आले.”

“हा प्रश्न टाळणं झालं,” मी म्हणालो. नीट नोंद घ्या, मी आवाज चढवला नाही.

मावशींनी एप्रनला हात पुसले. “टाळतेय? अरे मेल्या, उत्तर आहे माझ्याकडे! पन्नास वर्षं त्यावरून देझोशी सकाळच्या कॉफीला भांडलेय. तो एक म्हणायचा, मी दुसरं. कप फोडलेत त्याच्यापायी. कुणी प्रेमाने विचारावं, मी रात्र होईस्तोवर बोलेन. पण माझ्या नवऱ्याच्या प्रार्थनेचं तिकीट म्हणून ते उत्तर मी फाडून देणार नाही. ना तुम्हाला, ना खालच्यांना, ना वरच्यांना.”

उत्तर न मिळाल्यामुळे समितीला नाइलाजाने त्यांचं ओगराळं जमा करून घ्यावं लागलं. मावशींनी ते घासून, पुसून, उजेडात धरून बघून मग दिलं. त्या शनिवारी शोलेत बोग्लार्काने केलं. रांग दारातल्या फळ्यापर्यंतही पोचली नाही. (आस्थेचा पोटाशी संबंध नसतो हे लोकांना अजून समजावून सांगावं लागतं.)

तेवढ्यात चौकात बातमी पसरली की वर्षश्राद्धाच्या दुपारी मावशी एकट्याच चौकात मेणबत्ती लावणार आहेत. ह्या बातमीने इमारतीत बऱ्याच वर्षांनी चैतन्य आलं. समितीने तातडीची सभा घेऊन सामायिक चौकाच्या एकतर्फी वापराचा मूक निषेध करायचं ठरवलं. वरच्यांना संशय आला की हा खालच्यांनी आपला एखादा माणूस पळवण्यासाठी रचलेला डाव आहे. ते नऊच्या नऊ जण पहाऱ्याला उतरले. वरचे नऊ चौकात उतरलेत म्हटल्यावर खालचे नऊ त्यांचा निषेध करायला बाहेर आले. अशा रीतीने एका म्हाताऱ्या बाईला मदत करायला ज्या इमारतीत दहा माणसं मिळत नव्हती, तिथे तिला अडवायला चाळीस जमली. संघटन संघटन म्हणतात ते हे.

थंडी अशी की शब्द तोंडातून बाहेर पडताना दिसत होते. मावशींनी कचऱ्याच्या डब्याचं झाकण पुसून त्यावर मेणबत्ती ठेवली. शेजारी एक छोटं पातेलं, टॉवेलात गुंडाळलेलं. वास आला तशी आमच्या निषेधकांची पहिली ओळ किंचित पुढे सरकली.

“बाईमाणसाने कद्दिश म्हणायचं नसतं!” श्पित्सरकाका गरजले.

“का नाही म्हणायचं? जरूर म्हणायचं, पण वर येऊन!” पोल्गार तितक्याच जोरात म्हणाले.

“दोघांचंही चुकतंय!” बोग्लार्का म्हणाली. ती मूक निषेधाची प्रमुख होती.

मावशींनी कुणाकडेच पाहिलं नाही. डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि कद्दिशचे पहिले शब्द म्हणाल्या. आवाज मोठा म्हणून प्रसिद्ध. त्या दिवशी तो पार बसला होता. पहिलं वाक्य संपलं आणि थांबल्या. तिथे ऐकणाऱ्यांनी ‘आमेन’ म्हणायचं असतं.

आणि ‘आमेन’ आलं. लेडररांकडून. हातात आमचा फलक, फलकावर ‘आधी भूमिका’, आणि तोंडात आमेन. त्यांच्या वडिलांनी लहानपणी लावलेली सवय असावी. समितीला विचारायच्या आत ती येऊन गेली. पाठोपाठ वरचे नऊ, पाठोपाठ खालचे नऊ. कुणी ठरवून म्हटलं नाही. ठरवायला वेळ मिळाला असता तर एकानेही म्हटलं नसतं.

“आर्तुर! फलक!” बोग्लार्का दबक्या आवाजात म्हणाली. फलक खाली गेला होता. लेडरर रडत होते. (जवळपास कांदे नव्हते, मी पाहिलं.) श्पित्सरकाकांचे ओठ हलत होते. मी त्यांच्या शेजारीच होतो, म्हणून ऐकू आलं. “नाही-आठ,” ते आपल्या माणसांवरून नजर फिरवत पुटपुटले, मग स्वतःच्या छातीला बोट लावून “नाही-नऊ,” आणि मग आमच्या फलकाकडे बघत, अगदी हळू, “नाही-दहा.” मावशी शेवटपर्यंत म्हणत गेल्या. देझोंना गर्दी मिळाली.

प्रार्थना संपल्यावर सगळे भानावर आले. खालचे म्हणतात, कद्दिश त्यांच्या नऊ अधिक लेडरर अशा दहांत झालं. वरचे म्हणतात, त्यांच्या नऊ अधिक लेडरर. लेडररांवरून आता दोन्ही मजल्यांत भांडण जुंपलं आहे, त्यामुळे पडद्याचा विषय तूर्त मागे पडला. समितीच्या अहवालानुसार त्या दुपारी शोकाने आमच्या निषेधात घुसखोरी केली. लेडररांना शिस्तभंगाबद्दल पदमुक्त करण्यात आलं. आमच्याकडे आता ज्यू नाही, त्यामुळे ज्यूद्वेषाचा प्रश्नही उरला नाही. फळा बदलण्याचा खर्च वाचला. मावशी शनिवारी स्वतःच्या घरी शोलेत करतात. लेडरर जातात. श्पित्सर आणि पोल्गारही जातात असं ऐकतो, पाळीपाळीने, एकमेकांना दिसणार नाहीत असे.

आता वाचक विचारतील, ते सगळं ठीक, पण बाईंचं उत्तर नेमकं काय होतं?

पाहिलंत? नवरा गेला, ओगराळं गेलं, म्हातारी थंडीत कचऱ्याच्या डब्यापाशी उभी राहिली. आणि तुम्ही मात्र मघापासून थांबून आहात की एकदा उत्तर कळू दे, मग तिच्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं की नाही ते ठरवू. शाब्बास! अशाच माणसांची आम्हाला गरज आहे. समितीत एक जागा रिकामी आहे. शनिवारी या. फक्त येताना घरून जेवून या.