माननीय मयत

आबांच्या कादंबरीत सत्कार झाल्याशिवाय खून होत नसे. मारेकरी पिस्तूल घेऊन आला, तरी आधी दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक. तोवर ज्याला मारायचं तोच कंटाळून उठून जाईल की काय, अशी मला धास्ती वाटायची. आणि मेल्यावरही मान सुटायचा नाही. “माननीय मयत उताणे पडले होते,” हे वाक्य मी माझ्या हाताने टाईप केलंय.

मेहरूणला माझा टायपिंगचा क्लास होता. शेजारच्या बंगल्यात आबा एकटेच राहायचे. मूळचे धुळ्याकडचे, एके काळचे मत्स्यव्यवसाय राज्यमंत्री. ज्यांच्या तालुक्यात प्यायचं पाणी टँकरने यायचं, त्यांना मासे दिले! “ताई, नोंद घ्या,” ते म्हणायचे, “मासा मी पहिल्यांदा फायलीतच पाहिला.” पुढे मंत्रिपद गेलं, मग निवडणुकीत अनामतही गेली, आणि ओट्यावरची माणसं तोंडातली सुपारी संपायच्या आत पांगली. उरले आबा आणि त्यांचा सभेतला आवाज. तो रोज सकाळी माझ्या मशीनसमोर येऊन बसायचा.

आधी आत्मचरित्र सुरू केलं होतं, ते मध्येच अडलं. मग म्हणाले, रहस्यकथा लिहू, त्यात खरं बोलायची भीती नाही. कसलं डोंबलाचं रहस्य! गद्दार पहिल्याच पानावर ‘गद्दार’ म्हणून यायचा.

“आबा, वाचकाला जरा शोधू द्या की!”

“लोकांना काय कळतं, ताई? कळत असतं तर मला पाडलं असतं?”

कपाळ! मी पुढचा कागद चढवला.

पुस्तकं त्यांनी पदरमोड करून छापली. विकत कोणी घेईना, म्हणून जुन्या कार्यकर्त्यांना फुकट धाडली. एकाचीही पोच आली नाही. जामनेरला एकाच्या घरी मी गेले, तर तिथे कादंबरी कूलरखाली उंचीला लावलेली. पाणी ठिबकून पानं फुगली होती. आबांना हे सांगायची माझी छाती झाली नाही. ते रोज पोस्टमनची वाट पाहायचे, आणि मला त्यांची दयाही यायची, रागही यायचा.

सगळ्यात जास्त राग यायचा तो शेवटाचा. दर कादंबरीत तोच! सभागृहात मतदान तोंडावर आलेलं, एका मतावर सरकार अडलेलं, आणि घरून फोन येतो की बाईंना जास्त झालंय. नायक मुख्यमंत्र्यांना म्हणतो, “तुमचं सरकार तुम्हाला लखलाभ!” आणि गाडी पकडून घरी येतो. बायको डोळे उघडते, गावाकडच्या बोलीत “उनात का?”, म्हणजे आलात का, असं विचारते, आणि शेवटच्या पानावर ठणठणीत होऊन भरताची वांगी भाजत बसते.

“अहो, खुनी मोकळा फिरतोय! त्याचं काय?”

“फिरू द्या. ती वाचली ना?”

एका दुपारी आबा आले ते डोक्यावर टोपी न घालताच. म्हणाले, “आत्मचरित्र काढा. जिथे अडलं होतं तिथून घ्या.” मी कागद चढवला. ते सांगू लागले, “त्या दिवशी मतदान होतं. घरून फोन आला. आक्काला जास्त झालं होतं. मी...” आणि थांबले. मग हळूच विचारलं, “ताई, आत्मचरित्रात एखादी गोष्ट बदलली तर चालते का?”

आक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. खरं काय घडलं ते अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक होतं. आबा मतदानाला थांबले. सरकार वाचलं, आक्का गेल्या. गावाने दुसऱ्या दिवशी दुपार कलेपर्यंत आबांची वाट पाहिली आणि मग बाईंना उचललं. पुढे त्याच सरकारने आबांना घरी बसवलं.

मी म्हटलं, “लिहा आबा, पोहोचलो म्हणून. कोण येतंय तपासायला? वाचतंय तरी कोण?”

आबांचा चेहरा एकदम खुलला. सरसावून बसले. “लिहा. मी तडक निघालो. सकाळी घरी पोहोचलो. आक्काने डोळे उघडले आणि ती म्हणाली...”

मी बोटं तयार ठेवली.

“‘उनात का?’ असंच लिहू?” मी विचारलं.

“नाही. ते माझं आहे. तिचं नाही.” मग मंत्रालयातली मराठी सुटली आणि गावाकडची बोली तोंडात आली. “तुमले काय वाटस, ताई? काय म्हनती ती?”

“मी कधी आक्कांना पाहिलं नाही हो. तुम्हीच आठवा ना. तुम्ही घरी असताना काय बोलायच्या?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं.

“मी घर कव्हय व्हतू, ताई?”