परीक्षेआधीचा मनोरा

माझ्या घरात राहिलेलं एकही माणूस आजवर नापास झालेलं नाही! एकतीस वर्षं मी विद्यार्थ्यांना खोली भाड्याने देते. ढ आले, आळशी आले, प्रेमात पडून जेवणखाण सोडलेले आले, एक तर चक्क लिव्होर्नोहून, आमच्या हाडवैऱ्यांच्या गावाहून आला होता! सगळे पास! आमच्या दारातून आत शिरलं की समोरच पाटी दिसते. मी ती नवऱ्याकडून मुद्दाम रंगवून घेतली आहे : ‘या घरात कुणी नापास होत नाही.’

हे काही त्या पोरांच्या डोक्यामुळे नाही, माझ्या नियमांमुळे. नियम दोनच. परीक्षा जवळ आली की कथीड्रलच्या मोठ्या दारावरच्या त्या धातूच्या पालीला हात लावून यायचं, आणि पदवी हातात पडेपर्यंत शेजारच्या मनोऱ्यावर चढायचं नाही. चढलं की पदवी गेली. पिसामध्ये हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पर्यटकांना नसतं. ते आपले हिरवळीवर हात पुढे करून मनोऱ्याला टेकू दिल्याचे फोटो काढत उभे! एकेकाच्या हातावर फटका मारावासा वाटतो मला.

आता स्वतःबद्दलही सांगते, कारण पुढे तेच माझ्या मुळावर आलं. मी लोरियाना, वय अठ्ठावन्न. चोविसाव्या वर्षी एक विषय राहिलेला असताना लग्न केलं आणि तो विषय तसाच राहून गेला. मध्ययुगीन कला! मी पोरांचे कपडे इस्त्री करायचे आणि ती पदवीचा तमालपत्रासारख्या हिरव्या पानांचा मुकुट डोक्यावर घालून माझ्या दारात फोटो काढायची. मुकुट सुकला की त्यातली पानं मी रश्शात टाकायचे. एकतीस वर्षं दुसऱ्यांची पदवी रश्शात शिजवली! यंदा मात्र पुन्हा नाव घातलं. परीक्षा सोमवारी अकराला, आणि आमच्याकडची तोंडी परीक्षा म्हणजे दार सताड उघडं, ज्याला ऐकायचंय त्याने येऊन मागे बसावं.

माझी नणंद ग्राझिएला हिने तर गल्लीभर जाहीर करून टाकलं, “मी पहिल्या रांगेत बसणार! लोरियाना पास झाली तर वर्षभर तोंड उघडणार नाही!”

ग्राझिएलाचं तोंड वर्षभर बंद! मी केवढ्यासाठी लढत होते ते तुमच्या लक्षात येईल.

तर, ओस्कारी. फिनलंडचा. सहा महिने माझ्याकडे होता. उंची दारात वाकून येण्याएवढी आणि बोलणं दिवसाला चौदा शब्द. पण खोटं बोलणं नाही, उशीर नाही, ताटात काही टाकणं नाही. मला तो आवडायचा, हे मी त्याला कधी कळू दिलं नाही. त्याचाही शेवटचा विषय सोमवारीच होता, नऊ वाजता. जमीन आणि इमारतींचे पाये, असला काहीतरी. त्यात आपटला असता तर शिष्यवृत्ती बंद आणि वर्ष वाया.

शुक्रवारी रात्री जेवताना त्याने खिशातून एक कागद काढला.

“सिन्योरा, उद्या मी अभ्यास करणार नाही. सहा महिन्यांत कथीड्रल आतून पाहिलं नाही. उद्या दिवसभर तेच. वेळापत्रक केलंय.”

मी कागद पाहिला. नऊ वाजता पाल. शाब्बास. सव्वानऊपासून कथीड्रल. एक वाजता जेवण. मग पुन्हा कथीड्रल. साडेचार वाजता मनोरा.

मी काटा खाली ठेवला. “मनोरा नाही.”

“तिकीट काढलंय.”

“फाड!”

“ते फोनमध्ये आहे.”

“मग फोन फाड!”

“पण सिन्योरा, मला पदवी फिनलंडमध्ये मिळणार. तुमचा मनोरा तिथून दिसत नाही.”

या उत्तरेकडल्या लोकांचं हे असं असतं. वाद घालतात तेही आवाज न चढवता! मी मात्र एवढी ओरडले की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. ओस्कारीने शांतपणे ताट धुतलं, मला एक पाकीट दिलं आणि म्हणाला, “हे तुमच्यासाठी. उद्या चारनंतर उघडा.” आभाराचं पत्र असणार. मला लाच! मी ते न बघता कोटाच्या खिशात कोंबलं.

रात्री अंथरुणात मला युक्ती सुचली. मनोऱ्याचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं, वेळ चुकली की तिकीट गेलं. मी त्याच्याबरोबर जायचं आणि कथीड्रल इतकं बारकाईने दाखवायचं की साडेचार कधी वाजून गेले ते त्याला कळूच नये. त्याचं तिकीट बुडेल आणि माझी उजळणी होईल! मला स्वतःचाच अभिमान वाटला.

शनिवारी मी परीक्षेसाठी घेतलेले नवे लाल बूट घातले, जरा पायात बसावेत म्हणून. ते घेतले त्याच दिवशी ग्राझिएला म्हणाली होती, “पायात टोमॅटो घातलेस की काय गं?” असो. पालीला दोघांनी हात लावला. मी दोनदा लावला. मग आत गेलो आणि मी त्याला सरळ प्रवचनाच्या संगमरवरी व्यासपीठापुढे उभं केलं. कुणी घडवलं, किती वर्षं लागली, कुठल्या बाजूला काय कोरलंय, एक तास सांगितलं! एकही चूक नाही! दोन स्पॅनिश बायका थांबून ऐकू लागल्या. मी सोमवारीच पास झाल्यासारखी फुलले.

“सिन्योरा,” ओस्कारी म्हणाला, “खांबाखालचा हा सिंह घोड्याला का खातोय?”

हे माझ्या वहीत नव्हतं. “भूक लागली असेल!”

“दगडाच्या सिंहाला?”

“तू छत बघ!”

त्याने छत बघितलं. मग खांब मोजले. मग पुन्हा सिंहाकडे गेला. माझे बूट एव्हाना चावू लागले होते. एक वाजता बाहेर येऊन आम्ही चण्याच्या पिठाची गरमागरम चेचिना खाल्ली. मी मुद्दाम चिमणीसारखी खात बसले. मग पुन्हा आत. एकेका खिडकीपुढे, एकेका थडग्यापुढे मी उभी राहायचे आणि बोलायचे. जे ठाऊक नव्हतं ते रचून सांगितलं. चार वाजले. सव्वाचार. ओस्कारी घड्याळाकडे बघतही नव्हता. जिंकले, मी म्हटलं!

मग संत रानिएरींचा देह ठेवलेल्या काचेच्या पेटीपुढे आलो. आमच्या गावचे संत ते. त्यांच्यापुढून तशीच निघून जाणं बरं दिसत नाही. मी गुडघे टेकले, बुटांतून टाचा बाहेर काढल्या आणि डोळे मिटून म्हटलं, “बाबा रानिएरी, सोमवारी लाज राखा. पदवीही हवी आहे आणि ग्राझिएलाचं तोंडही बंद हवं आहे.” टाचांना इतकं बरं वाटत होतं की प्रार्थना जरा लांबली.

डोळे उघडले तर ओस्कारी गायब! घड्याळात चार पंचवीस!

मी धावले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, नवे बूट, आणि भर हिरवळीतून! फोटो काढणाऱ्या चार टेकूबहाद्दरांना मी आडवं केलं असेल, मला पश्चात्ताप नाही. मनोऱ्याच्या दाराशी पोचले तोवर त्याचं डोकं आत जिन्यात दिसेनासं होत होतं.

“तिकीट?” रखवालदार म्हणाला.

“मला तिकीट नको, मला माझं पोरगं खाली हवंय! त्याचं नुकसान होणार आहे!”

“किती वर्षांचं आहे?”

“तेवीस!”

अख्खी रांग हसली. संतापाने डोळ्यांत पाणी आलं म्हणून रुमाल काढायला खिशात हात घातला, तर ते पाकीट हाताला लागलं. फोडलं. आत साडेचारचं तिकीट! आणि चिठ्ठी : ‘सिन्योरा, तुम्ही रोज मनोऱ्याबद्दल बोलता, पण कधीच गेला नाहीत. बहुधा तुम्हाला कुणी नेलं नसावं. माझ्याबरोबर चला. ओस्कारी.’

खोटं कशाला सांगू, चिठ्ठी मी दोनदा वाचली, इतकं बरं वाटलं. एवढ्या वर्षांत एकाही पोराला मला कुठे न्यावंसं वाटलं नव्हतं. पण राग त्याहून मोठा होता. तिकीट रखवालदाराच्या हातात आपटलं, पर्स वर नेऊ देत नाहीत म्हणून ती त्याच्याकडे ठेवायला दिली आणि “ओस्काऽऽरी!” अशी आरोळी ठोकत जिना चढू लागले.

तो जिना ज्याने बांधला त्याला माझ्यासमोर उभं करा! पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झालेल्या, आणि मनोरा कललेला असल्यामुळे घडीत या भिंतीवर आपटायचं, घडीत त्या! मी बूट काढून हातात घेतले. माझ्या आरोळ्या ऐकून पुढचे लोक भिंतीला चिकटून वाट देऊ लागले. मागे नेपल्सच्या बायकांचा एक जथा होता. “नातू हरवलाय वाटतं बिचारीचा!” म्हणत त्यांनी मला मागून ढकलायला सुरुवात केली. मी घामाघूम होऊन ओरडत होते, “पदवी मिळाल्याशिवाय वर जायचं नाही रे! पदवी नाही तर वर...”

आणि मी थांबले. साधारण दीडशेव्या पायरीवर.

पदवी तर मलाही मिळालेली नव्हती!

“मला खाली जाऊ द्या!”

“अहो मावशी, आलंच की आता!” नेपल्सवाल्या म्हणाल्या आणि आणखी जोराने ढकलू लागल्या.

“माझी परीक्षा आहे सोमवारी!”

“कसली?” एकीने विचारलं. मी सांगितलं. तर त्या टाळ्या वाजवायला लागल्या! एवढ्या अरुंद जिन्यात! खालून रखवालदार ओरडला, “उलटं उतरायचं नाही, सगळ्यांनी बरोबरच उतरायचं!” मग मी निर्णय घेतला. डोळे मिटून चढलं तर ते चढणं धरत नाहीत. कुठे लिहिलेलं नाही, पण लिहिलेलं नाही असंही कुठे लिहिलेलं नाही. मी डोळे घट्ट मिटले. राहिलेल्या शंभर पायऱ्या त्या बायकांनी मला सामानासारखी वर पोचवली.

वर वारा लागला. घंटांचा थंड वास आला. आणि ओस्कारीचा आवाज. “सिन्योरा! आलात! बघा, तुमचं घर दिसतंय.”

“मी काही बघत नाही! मी इथे आलेलीच नाही!”

“पण तुम्ही इथे आहात.”

“गप्प!” त्याला चापट मारायला मी हात उगारला, पण हातात बूट होता हे विसरले. बूट सुटला. माझे डोळे मिटलेलेच होते, त्यामुळे कुठे गेला ते मला दिसलं नाही. ओस्कारी म्हणाला, “गवतावर पडला. कुणाला लागला नाही.” आणि वरचा रखवालदार खेकसला, “गॅलिलिओचे दिवस गेले, सिन्योरा!”

खाली उतरून आम्ही हिरवळ पिंजून काढली. बूट नाहीच! मी एकाच पायात बूट घालून घरी निघाले आणि वाटेत ओस्कारीला धरलं. “हे कुणालाही सांगायचं नाही. ग्राझिएलाला तर नाहीच नाही.”

“मी खोटं बोलत नाही, सिन्योरा.”

“खोटं बोलू नकोस! काहीच बोलू नकोस!”

“बरं. कुणी विचारलं नाही तर सांगणार नाही.”

सोमवारी नऊला ओस्कारीची परीक्षा झाली. त्याला कुठला प्रश्न आला असेल? मनोरा का कलला! याने सगळा पाया सांगितला आणि वर जिन्यात कुठल्या पायरीवर तोल कुठे जातो तेही सांगितलं. तीसपैकी तीस, वर खास शेरा! मला आनंद झाला, आणि इतका राग आला की विचारू नका.

अकराला माझी. ग्राझिएला पहिल्या रांगेत मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसलेली. मागे आमची निम्मी गल्ली. शेवटच्या बाकावर ओस्कारी. प्राध्यापक मान्नुच्ची माझ्या भाडेकरूंच्या वयाचे, पण माणूस गोड.

“सोप्यापासून सुरुवात करू, सिन्योरा. मनोऱ्याच्या माथ्यावर, घंटांच्या मजल्यावर उभं राहिलं की काय काय दिसतं?”

पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. तेवढ्यात ग्राझिएला खोकली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मला काय ठाऊक? पदवीआधी मनोऱ्यावर चढणाऱ्यांतली मी नव्हे!”

“खऱ्या पिसाकर आहात!” प्राध्यापक हसले. गल्लीने टाळ्या वाजवल्या. ते पुढच्या प्रश्नाकडे वळणार, एवढ्यात ग्राझिएला उठली. पिशवीतून माझा लाल बूट काढून तिने टेबलावर ठेवला.

“मग हा टोमॅटो शनिवारी माझ्यापुढे आभाळातून पडला का गं?”

“कावळ्याने नेला असेल!”

“पायातला?”

प्राध्यापकांना भलतीच मौज वाटू लागली. त्यांनी माझ्या मागे बसलेल्या सगळ्यांना विचारलं, “कुणाला काही ठाऊक आहे का?”

विचारलं! त्यांनी विचारलं! मी डोळ्यांनी ओस्कारीला ‘बस खाली’ म्हणत होते, पण तो उठला, आणि तो उठला की सगळ्यांना दिसतोच.

“सिन्योरा माझ्याबरोबर वर होत्या. पण त्यांनी डोळे मिटले होते. म्हणून ते धरू नये.”

हसण्याने खिडक्या हलल्या. प्राध्यापकांनी कसंबसं हसू आवरलं. “बरं, बरं. मनोरा सोडू. कथीड्रलमधलं ते व्यासपीठ कुणी घडवलं, एवढं सांगा.”

झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं! शनिवारी एक तास तेच सांगत होते! पण माझी नजर त्या लांबड्यावर खिळलेली, डोक्यात दुसरं नाव शिरेना.

“ओस्कारी!” मी ओरडले.

“सप्टेंबरमध्ये भेटू, सिन्योरा,” प्राध्यापक म्हणाले.

मी घरी येऊन स्वयंपाकघरात रडले, अगदी खरंखुरं. पाठोपाठ ग्राझिएला आली. ती पाटीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “‘या घरात कुणी नापास होत नाही,’ म्हणे! तू याच घरात राहतेस ना गं?”

मंगळवारी ओस्कारी गेला. जाताना दारात वाकून म्हणाला, “सप्टेंबरमध्ये येऊ का? पहिल्या रांगेत बसायला?”

“ये,” मी म्हटलं. “पण तोंडाला कुलूप लावून ये.”

आता मी मनोऱ्याजवळून जाताना मान वळवते. आठशे वर्षं तो कलंडून उभा आहे, कुणाच्या अंगावर पडला नाही, नेमका माझ्या पडला! पाटी मात्र मी उतरवलेली नाही. एकतीस वर्षांची आहे, अशी कशी उतरवू? फक्त खाली बारीक अक्षरांत दोन शब्द लिहिलेत, चष्मा लावल्याशिवाय दिसत नाहीत.

‘मालकीण सोडून.’